मामांचा ड्रॅगन

आगीला घाबरणाऱ्या ड्रॅगनची मनापासून काळजी करणारा म्हशींचा व्यापारी अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि नशीब असं की तो माझा सासरा आहे. सहा फूट उंची, खांद्यावर पंचा आणि मिशा अशा की मुलगी बघायला गेलो तेव्हा अर्धा वेळ मी त्या मिशाच बघत बसलो होतो. घोडेगावच्या बाजारात पंच्याखाली हात घालून, नुसती बोटं दाबून ते म्हशीचा सौदा करतात तेव्हा समोरच्याच्या कपाळावर घाम फुटतो. सोनईजवळच्या त्यांच्या गावात ते रस्त्याने निघाले की कुत्रीसुद्धा उठून बाजूला होतात. मी त्यांना रीतीप्रमाणे मामा म्हणतो, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं याव्यतिरिक्त दुसरं काही म्हणायची माझी हिंमत झाली नव्हती.

हे सगळं सुरू झालं आमच्या मनूच्या कांजिण्यांमुळे. ती तेव्हा तिसरीत होती, सुट्टीला आजोळी गेली आणि अंगभर फोड घेऊन पडली. सोबत नेलेलं गोष्टीचं पुस्तक कुणीतरी वाचून दाखवावं म्हणून तिने रडून घर डोक्यावर घेतलं. मामी स्वयंपाकात, आम्ही नगरला. शेवटी मामांनीच चष्मा पुसला आणि प्रत्येक शब्दाखाली बोट धरत वाचायला घेतलं. पिंगी नावाची एक आगाऊ मुलगी, तिची उडणारी बाज आणि भडकू नावाचा, स्वतःच्याच तोंडातून निघणाऱ्या आगीला भिणारा ड्रॅगन. मनू पाचव्या पानावर झोपली. मामा शेवटच्या पानापर्यंत जागे राहिले. दुसऱ्या दिवशी ‘पेंड आणतो’ म्हणून टेम्पो घेऊन ते नगरला आले, दुकानात जाऊन त्या मालिकेचा दुसरा आणि तिसरा भाग विकत घेतला आणि पेंड विसरून घरी गेले. म्हशी दोन दिवस नुसत्या कडब्यावर राहिल्या. त्यांच्या दुधाबद्दल मामी आजही बोलतात.

मी मराठीचा प्राध्यापक. सासऱ्याला वाचनाची गोडी लागली म्हणून उत्साहाने दोन गंभीर, नावाजलेल्या कादंबऱ्या भेट दिल्या. आठवड्याभरात त्या परत आल्या. “जावईबापू,” मामा म्हणाले, “तुमच्या पुस्तकात पैल्या पानावर दुष्काळ आन शेवटच्या पानावर मयत. दुष्काळ बघाया पुस्तक कशाला उघडायचं? दार उघडलं तरी दिसतोय की. ह्या भडकूचं बघा. पडतंय, भाजतंय, चिखलात लोळतंय, पर पान उलटलं की हाय आपलं पुन्हा उभं!” यावर मराठी समीक्षेला काय म्हणायचं ते म्हणो, मी दोन्ही कादंबऱ्या पिशवीत घातल्या.

मग ते बाजारातही वाचू लागले. म्हशी ओळीने बांधायच्या आणि कडब्याच्या पेंढीवर बसून पुस्तक उघडायचं. एकदा शेवगावचं एक गिऱ्हाईक मुऱ्हा म्हैस बघत उभं होतं. त्याने भाव विचारला तर मामा मान वर न करता म्हणाले, “दम धरा जरा. भडकू राणीच्या हौदात पडलाय.” गिऱ्हाईक दम धरून उभं राहिलं. मग “निघाला का वो भायेर?” असं विचारून शेजारी बसलं. मी पोचलो तेव्हा चारपाच जण पेंढीभोवती बसून ऐकत होते आणि शेवगावकर म्हशीचा भाव विसरून, ड्रॅगनला पोहता यायला हवं की नको यावर तावातावाने भांडत होता.

पण खरी गंमत झाली ती चौथ्या भागाने. मामांचे धाकटे भाऊ शेजारीच राहतात, मधे एकच कमरेएवढी भिंत. बोअरच्या पाइपलाइनवरून भांडण झालं तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच्या लेकीच्या लग्नात दुसरा जेवला नाही, इतकं. तर हा चौथा भाग घरातून गायब झाला आणि काही दिवसांनी भिंतीवर सापडला. त्याला तंबाखूचा वास येत होता. मनूला विचारलं तर ती सहज म्हणाली, “धाकट्या आजोबांना दिला होता. त्यांचे पहिले तीन वाचून झालेत.”

मामांनी पाचवा भाग आणला आणि धान्याच्या कोठीत लपवला. चौथ्याच्या शेवटी भडकू पुरात वाहून गेलेला. मग सुट्टीत आम्ही तिथे असताना एका संध्याकाळी भिंतीपलीकडून धाकट्यांचा आवाज आला. ते आपल्या बायकोला, आम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत होते, “अगं, त्या ड्रॅगनचं पुढं काय झालं आसंल गं?” त्या बिचारीला ड्रॅगन म्हणजे औषध की खत हे माहीत नव्हतं. मामांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हशीला म्हणाले, “वाचला म्हनावं. पर लई हाल झालं.”

मग पंधरवडाभर रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. पलीकडून बायकोला प्रश्न, इकडून म्हशीला उत्तर. म्हैस शांत होती, पलीकडच्या काकू मात्र माहेरी जायची भाषा करू लागल्या. शेवटी धाकट्यांनाच राहवलं नाही. भिंतीवर दोन्ही हात टेकून ते थेट म्हणाले, “आण्णा, पर तो पुरातनं निघाला कसा?”

मामांनी म्हशीची पाठ खाजवली. मग म्हणाले, “असं सांगून न्हाई जमायचं. हिकडं ये. वाचून दावतो.”

धाकटे भिंत ओलांडून आले. ओलांडताना धोतर अडकलं, मामांनी सोडवलं. पाइपलाइनचं तेव्हाही कुणी बोललं नाही, पुढेही नाही. मामींनी न विचारता चहाचे दोन कप आणून ठेवले आणि आत जाऊन डोळ्यांना पदर लावला.

मनू आता अकरावीत आहे. गेल्या सुट्टीत प्रवेशपरीक्षेची जाडजूड पुस्तकं घेऊन आजोळी आली. मामांनी नवा आलेला भाग मोठ्या हौसेने तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेतला, मुखपृष्ठावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “आजोबा, मी आता हे नाही वाचत हो.”

“बरं, बरं,” मामा म्हणाले. “आभ्यास महत्त्वाचा.” पुस्तक बगलेत मारून ते अंगणात आले. मी तिथेच होतो. ते माझ्याशेजारी बाजेवर बसले, मिशीवरून उगाच हात फिरवला आणि बाजारात कधीही न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, “जावईबापू, ह्या गोष्टींतनं मोठी होऊन गेलेली मानसं परत येत्यात का वो कधी?”

“तुम्ही आलात की, मामा.”

ते हसले. “व्हय. पर मला साठी उलटावी लागली.”

मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून भावाला हाक मारली, आणि तो येईपर्यंत पुस्तक न उघडता नुसतं मांडीवर धरून बसले.