बद्रीमामांचा कान

एस्टीम गाडी घेताना मी घरात कोणालाही विचारलं नव्हतं. पण तिला कुठला ईसीएम बसवायचा, म्हणजे इंजिनाला हुकूम सोडणारा कॉम्प्युटर कुठला घ्यायचा, यावरून पडेगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन महिने भांडण चाललं. समोर बद्रीमामा होते म्हणून मी ऐकून घेतलं. दुसरा कोणी असता तर पहिल्याच दिवशी गाडी काढून निघून आले असते. माझा स्वभाव सगळ्या उस्मानपुऱ्याला माहीत आहे.

सोळा सालचा उन्हाळा होता तो. आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, पडेगावात तेवढंही नाही. दौलताबाद रोडवर दोनच गोष्टी वाढत होत्या, टँकर आणि प्लॉटिंगच्या पाट्या.

बद्रीनाथ हे त्यांचं नाव, दौलताबादकडच्या शेतकरी घरातले. वाळूजच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये एकोणीस वर्षं मेंटेनन्स फिटर. मी तिथंच शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागले, आणि कॉलेजनं चार वर्षांत शिकवलं नाही ते मामांनी सहा महिन्यांत शिकवलं. प्रेस शॉप म्हणजे पत्रा दाबून आकार देणारी मशिनं, दिवसभर धाडधाड. कानाला लावायला कंपनी मफ द्यायची. मामांनी आपला मफ खुंटीवरून कधी काढला नाही.

"मॅडम, मशीन आजारी हाय का नाय, ते कानालाच कळतंय," ते म्हणायचे. "कान झाकला तर मग मी कशाला पाहिजे?"

आणि खरंच, नुसतं मशीनच्या बाजूनं चालत गेले तरी कुठलं बेअरिंग जाणार ते सांगायचे, आणि त्याच आठवड्यात ते जायचं. आम्ही तोंडात बोटं घालायचो. मग आम्हीही मफ काढून ठेवायला लागलो. शहाणपण बघा.

कंपनीनं मशिनं दुसरीकडे हलवली, तेव्हा मामांनी पडेगावात गॅरेज टाकलं. खुंटीवरचा मफ सोबत आणला, आणि तो आता कानाला लावायला लागले. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, ते इंजिनाला बोल्टनं आवळायचं, दुसरं टोक रबरी पाइपानं मफात सोडायचं. गाडी पळत असताना इंजिनाच्या पोटातलं सगळं कानात. टर्बो बसवलेल्या गाड्या घेऊन जालन्या-बीडहून लोक यायचे ते या नळीसाठी.

टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं जादा हवा कोंबणारा पंखा. हवा वाढली की पेट्रोल त्या मापात वाढायला हवं आणि ठिणगीही बरोबर वेळेला पडायला हवी. नाहीतर आतल्या आत भलत्या वेळी भडका उडतो, पिस्टनवर घाव बसतात आणि बारीक खडखड ऐकू येते. मामा त्याला 'खडा' म्हणायचे. खडे वाजत असताना गाडी दामटली की पिस्टनला भोक पडलंच म्हणून समजा.

माझ्या एस्टीमला टर्बो नंतर बसवलेला. तिच्या मूळच्या ईसीएमला त्याचा पत्ताच नव्हता. रस्ते दोन होते. एक, मध्ये छोटा डबा बसवायचा. तो सेन्सरचे आकडे फिरवून मूळच्या ईसीएमला फसवतो आणि आपल्याला हवं ते करून घेतो. पण त्याला खडा ऐकू येत नाही, ते काम माणसाच्या कानाचं. दुसरा, जुना ईसीएम काढून संपूर्ण नवा बसवायचा. तो हवा किती तापलीय ते बघतो, पेट्रोल आणि ठिणगी स्वतः ठरवतो, आणि इंजिनाला आवळलेल्या सेन्सरमधून खडाही ऐकतो. खडा वाजला की दिवा लावतो. मला हाच हवा होता.

"दिवा कशाला?" मामा म्हणाले. "माझ्या कानावर विश्वास नाय का?"

मी हार मानली. डबा बसवला.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी आम्ही शेडमागच्या प्लॉटिंगमध्ये गेलो. डांबरी रस्ते तयार, विजेचे खांब उभे, घर मात्र एकही नाही. मी गाडी चालवत होते, मामा शेजारी मफ लावून. ऊन तापायला लागलं होतं. टर्बो भरला, गाडीनं जोर धरला, आणि मला, कानाला काहीही न लावता, पुढून फुटाणे फुटल्यासारखा आवाज आला. मी पाय काढला.

"का सोडलं?" मामा म्हणाले. "साफ चाललंय की."

"साफ? मामा, खडे वाजतायत," मी आवाज चढवून म्हणाले.

"टँकर असंल."

टँकर दूर वळणावर इंजिन बंद करून उभा होता. मी पुन्हा जोर दिला, पुन्हा फुटाणे. मामांचा चेहरा शांत. मी त्यांना हळूच हाक मारली, एकदा, दोनदा. त्यांनी मान वळवली नाही.

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या कानावरचा मफ मी ओढून काढला आणि ओरडले, "कधीपासून?"

ते बोटांनी रबरी पाइप चोळायला लागले. मग म्हणाले, "दिवाळीपास्नं. आधी डावा. आता उजवाबी गेल्यागत झालाय. लोक कानासाठी येतेत, मॅडम. कान गेला म्हणल्यावर कोण यील? या वयात कोण्या सोसायटीच्या गेटावर बसू? घरी गीतालाबी सांगितलं नाय."

राग तर खूप आला होता. माझं इंजिन त्यांनी जुगारावर लावलं होतं. पण एकोणीस वर्षं त्या धाडधाडीत उघडे कान घेऊन फिरणाऱ्या या माणसाचं कौतुक करणाऱ्यांत मीही होतेच ना.

शेडवर परतलो तेव्हा गीतामामी टँकरचं पाणी ड्रममध्ये भरून घेत होत्या. सोनारानंच कान टोचावे म्हणतात, म्हणून सांगायचं मी मामांवरच सोडलं. मामांनी मान खाली घालून कसंबसं सांगितलं.

"हे मला सांगायलात व्हय?" मामी म्हणाल्या. "पाच महिने झाले, मी घसा फोडून बोलायले, अन् तुम्ही सगळ्यांना सांगता का माझी बायको लई भांडकुदळ झालीय."

मामा हसले. त्या दिवसातलं पहिलं हसू.

नवा ईसीएम मेमध्ये बसला. आता खरी गोम. त्याचा सेन्सर सगळंच ऐकतो, व्हॉल्व्हची टकटक, बेल्टची सळसळ. त्यातला खडा कोणता, हे आधी कोणीतरी शिकवावं लागतं. मामांनी मफ मामींच्या डोक्यावर चढवला, लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर घेतला.

"बाजरी निवडताना खडा ताटात पडतो बघ, तसला आवाज. ऐकलास का हात वर कर."

शेडमध्ये गाडी उभी ठेवून, इंजिनावर अगदी हलका भार देऊन, मामांनी ठिणगी मुद्दाम जरा लवकर पाडली. मामींचा हात वर गेला. त्याच क्षणी पडद्यावरची रेघ उसळली. पुन्हा केलं, पुन्हा हात, पुन्हा रेघ. दहा वेळा केलं, दहाही वेळा दोघं एकत्र. मामांनी रेघेच्या उंचीवर खूण केली, रेघ तिथवर गेली की दिवा लागणार, आणि बायकोकडे असं बघितलं, की मी उगाच बोनेटवरची धूळ पुसायला लागले.

मग भर उन्हात आम्ही प्लॉटिंगमध्ये गेलो. गरम हवेच्या हिशोबानं मामांनी ठिणगी थोडी उशिरावर नेली. गाडी अशी सुटली की मागच्या सीटवर मामींनी देवाचं नाव घेतलं. दिवा लागला नाही.

परत आलो तर जालन्याचा एक माणूस गाडी घेऊन थांबलेला. "मामू, जरा कान लगाके देखो ना," तो म्हणाला.

मी मामांकडे बघितलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. मामींनी त्यांच्या जवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, "कान लावून बघा म्हणायलेत."

मामांनी हात पुसले. "कान गेलेत माझे," ते रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "ऐकायचं काम आता हिचं. गाडी जुळवायचं काम माझं. खडा सुटायचा नाय. पटत असंल तर बसा."

त्या माणसानं खिशातून चावी काढली आणि मामींच्या हातात दिली.