मोठ्या-लहान लाडवांची रास

आमच्या धाकट्या दिरांनी ज्याला लाजवलं नाही असा माणूस आमच्या नात्यात उरलेला नाही, आणि लाज म्हणजे काय हे तेवढं त्यांनाच ठाऊक नव्हतं. भाऊजी नगरच्या कॉलेजात शिकवतात आणि धातूच्या काचेवर संशोधन करतात. मी चौथी शिकलेली. एकदा धीर करून विचारलं, "त्यातून आरपार दिसतं का?" तर म्हणाले, "नाही वहिनी. काच म्हणायचं ते आतल्या गोंधळामुळे." पोळपाटावर शेंगदाणे मांडून त्यांनी दाखवलं. साध्या धातूत अणू रांगेत बसलेले असतात, जोर पडला की रांग सरकते, म्हणून तार वाकते. पण लहान-मोठ्या अणूंचा वितळलेला धातू झटकन थंड केला, तर अणूंना रांग लावायला सवडच मिळत नाही. रांगच नाही, तर सरकणार काय? मग तो जोर सोसत राहतो, आणि जिथं अणू जरा सैल बसलेत तिथलेच थोडे आधी कूस बदलतात, शेजाऱ्यांना ढकलतात, आणि एक पट्टाच्या पट्टा घसरतो. हे ऐकता ऐकता माझी पोळी करपली.

पुढं त्यांना सगळीकडं तेच दिसायचं. भिंगारच्या बाजारात बसच्या दाराशी रांग सोडून उसळलेली गर्दी बघून मोठ्यानं म्हणायचे, "बघा, काच!" लोक वळून बघायचे, आणि मी पदर ओढून दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी उभी राहायची.

माझ्या मुलीच्या लग्नात रुखवताजवळ लक्ष ठेवायला त्यांनाच बसवलं, कारण दुसरं कुठलं काम सांगायची भीती वाटली. आम्ही हळदीत गुंतलो होतो. परत येऊन बघते तर बुंदीचे एकसारखे लाडू मोडून भाऊजींनी काही मोठे, काही सुपारीएवढे वळले होते आणि परातीत त्यांची रास रचली होती.

विहीणबाई खर्डा गावच्या. कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काय वो, एका मापाचं लाडूबी वळता येत न्हाईत व्हय तुमच्याकडं? पोरीला काय शिकवलंय मग?"

मुलीचा चेहरा उतरला. मला धरणी दुभंगावी असं झालं. भाऊजी मात्र खुलले. "मुद्दाम वळलेत! दाबा की, विहीणबाई."

विहीणबाईंनी बोटानं दाबलं. रास हलली नाही. "लई घट हाय की," म्हणत त्यांनी सगळा तळवा टेकला, आणि एका बाजूनं तिरका पट्टा सुटून लाडू वऱ्हाडाच्या पायांत गडगडले.

"तिथंच! तिथंच सैल जागा होती!" भाऊजी टाळ्या वाजवत ओरडले.

सगळा मांडव हसला. विहीणबाईसुद्धा हसल्या, म्हणून मुलीचं निभावलं. पण आमच्या ह्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "अरे, जरा लाज बाळग." भाऊजींच्या टाळ्या थांबल्या. मग ते खाली बसले आणि खुर्च्यांखालचे लाडू एकेक करून वेचू लागले.

तेव्हापासून ते घरात अणूचं नाव काढत नाहीत. कॉलेजातून येतात, जेवतात, पेपर वाचतात. आम्हाला हवे होते तसे झाले आहेत, आणि मला त्यांच्याकडं बघवत नाही.

परवा मी लाडू केले. मोठे, लहान, मिसळून रास केली आणि ताटली त्यांच्यापुढं ठेवली.

"वहिनी, हे एका मापाचे नाहीत."

"नाहीत," मी फरशीकडं बघत म्हटलं. "सैल जागा कुठली?"

त्यांनी ताटली फिरवून रास चारी बाजूंनी पाहिली. मग करंगळीनं एक जागा दाखवली. दाबली मात्र नाही.