बाबांनी न मारलेला वाघ

बाबा ग्रामपंचायतीला उभे राहिले तेव्हा त्यांचं चरित्र लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी नुकताच बी.ए. होऊन लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत कारकून लागलो होतो. जिल्हा नवा, टेबलं उसनी, आणि माझ्याएवढा शहाणा त्या अख्ख्या इमारतीत दुसरा नाही, अशी माझी समजूत.

गाव आमचं निलंग्याकडचं. दुष्काळ असा की टँकर आला की माणसं एकमेकांच्या उरावर बसायची. टँकर थांबायचा चावडीपुढं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांनी घागरी खाली ठेवून लांब उभं राहायचं. सगळ्यांचं भागलं की कुणीतरी वरून पाणी ओतायचं. पाणी संपलं तर रिकाम्या घागरी घेऊन घरी. बाबांना पंचायतीत जायचं होतं ते एवढ्यासाठीच. टँकरची एक खेप वस्तीत यावी.

पत्रकावर उमेदवाराचा परिचय लागतो. बाबा फौजेतून आलेले, म्हणजे मजकुराला तोटा नाही असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं काय, तर राजस्थानच्या वाळवंटात ठाण्यावर पाणी वाटलं आणि कबड्डी खेळताना गुडघा मोडून घेतला. माझं तोंडच पडलं. पाणक्याला कोण मत देणार?

कचेरीच्या रद्दीत मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कुण्या साहेबाचं चरित्र. साहेब क्रिकेट खेळला, घोड्यावरून लढला, हिंदुस्थानात येऊन वाघ मारले आणि म्हातारपणी पार्लमेंटात जाऊन बसला. तिथं त्यानं झोपाच काढल्या असाव्यात, कारण त्या वर्षांना पुस्तकात जेमतेम दीड पान होतं. मी त्याचं आयुष्य बेधडक बाबांच्या अंगावर चढवलं. पार्लमेंट तेवढं सोडलं. माझ्याही निर्लज्जपणाला काही हद्द होती.

पत्रकं मी बाबांना आधी दाखवलीच नाहीत. सभेच्या दिवशी एसटीनं गठ्ठा नेला आणि वाटून टाकला. पाच मिनिटांत पारावरून एकजण ओरडला, "फौजी, वाघ कुठं मारला म्हनायचा? इकडं तर ससा दिसंना!"

सगळी सभा खो खो हसायला लागली. बाबांनी पत्रक मागून घेतलं, सावकाश वाचलं, चष्मा काढला आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर आठवली की आजही माझे कान तापतात.

"हे माझ्या पोरानं लिव्हलंय," ते म्हणाले. "त्याला शाळा लई झाली. म्या वाघ मारला न्हाई, घोड्यावर बसलो न्हाई. म्या पानी वाटलं. मानशी दोन मग. सायबालाबी दोनच. समद्या जातीची मानसं माझ्या हातचं पानी प्याली, अन् एकालाबी काय झालं न्हाई."

हसणं थांबलं. टाळीही कुणी वाजवली नाही. बाबा निवडणुकीत सपशेल पडले. मी लाजेनं महिनाभर गावाकडं फिरकलो नाही.

गेलो त्या दिवशी टँकरपुढं मारामारी चाललेली. एकाचं डोकं फुटलं होतं आणि ड्रायव्हर गाडी परत न्यायला निघाला होता. म्हातारी पाटलीणबाई ओरडली, "आरं, त्या फौजीला आना! त्यो वाटील नीट."

बाबा आले, मोडका गुडघा ओढत. पाइप हातात घेतला. ज्या क्रमानं आलात त्या क्रमानं उभं राहा म्हणाले. घरटी दोन घागरी. वस्तीतल्या बायका पहिल्यांदाच त्याच रांगेत मधेमधे उभ्या राहिल्या. आईला मात्र त्यांनी सगळ्यांच्या मागं पाठवलं. ती तोंडातल्या तोंडात काय बोलत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाटलीणबाईची घागर बाबांनीच भरली. आता ही वाटेत ते पाणी ओतून देणार, अशी माझी खात्री होती. मी सगळं सोडून सरळ तिच्या मागं गेलो.

दारात ती वळली. "काय रं, काय बघायलास?"

"काही न्हाई, पाटलीणबाई."

तिनं घागर उंबऱ्यावर टेकवली. ओंजळ भरली, प्याली, पुन्हा भरली, पुन्हा प्याली. मग तोंड पुसून मला म्हणाली, "हितं काय उभा? बाप एकटा हाय तिकडं."

तिला तहान लागली होती, एवढंच असेल. मी मात्र तिच्या दारात, भर उन्हात, हुंदके देऊन रडलो.