पटावरचा ‘हो’

भरधाव सुटलेली बैलजोडी एका शब्दानं थांबवणारी बाई मी. हे फुशारकीनं सांगत नाही; त्या एका शब्दापायी गावानं पुढं वर्षभर माझी पाठ सोडली नव्हती. ज्यांनी चिडवलं ते बहुतेक गेले, मी उरले. उतारवयात का होईना, नातीच्या पाटीवर अक्षरं गिरवायला शिकले. तेव्हा माझी बाजू मीच लिहिलेली बरी.

मी मूळची जुन्नराकडची. वडील आगगाडीच्या रुळांसाठी मातीचा भराव घालणाऱ्या टोळीचे मुकादम होते. काम सरकत सरकत वऱ्हाडात आलं, त्याच्यामागं आमचं बिऱ्हाडही आलं, आणि अकोल्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या एका गावात माझं लग्न लागलं. काळ्याभोर जमिनीचं, खाऊनपिऊन सुखी घर. त्या वर्षांत तर सगळं वऱ्हाडच सुखी होतं. सातासमुद्रापलीकडं कुणाची तरी लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यामुळं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कुणाची आणि कशासाठी, हे गावात एकालाही धड सांगता यायचं नाही. ती लवकर मिटू नये, एवढं मात्र सगळ्यांना वाटायचं. ज्यांच्या घरी कालपरवापर्यंत पितळेची घागर नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या होत्या.

मला खायला-प्यायला कमी नव्हतं. माझी अडचण बोलण्याची होती. मी तोंड उघडलं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मी ‘मला’ म्हणायची, त्या ‘मले’. मी ‘कशाला’ म्हणायची, त्या ‘काहून’. कुणी काही विचारलं की मी ‘हो’ म्हणायची, आणि सारं गाव ‘हाव’ म्हणायचं. मला वाटायचं, या लोकांना बोलायचं वळण नाही. त्यांना वाटायचं, ही बाई नखरे करते. मी पहिल्यापासून तापट. कुणी हसलं की मी हट्टानं आणखी जुन्नरी बोलायची.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. या मामाजींना एकच नाद होता, शंकरपटाचा. हलक्या छकड्यांना जुंपलेल्या दोन जोड्या शेजारीशेजारी सोडायच्या आणि पल्ल्याच्या टोकाची झेंडी आधी ओलांडेल ती जोडी जिंकली, असा हा पट; सुटायची खूणही एक झेंडी पाडूनच करायचे. मिसरूड फुटल्यापासून मामाजी दर माघात पूर्णेकाठच्या जत्रेला जोडी घेऊन जायचे आणि दर माघात दुसरे यायचे. पहिल्या जोडीच्या मालकाला मानाचं पागोटं मिळे. आमच्या ओसरीवर त्या पागोट्यासाठी एक खुंटी रिकामी ठेवलेली होती. सासूबाई तिच्यावर मुद्दाम लसणाची जुडी टांगायच्या.

मी त्या घरात गेले तेव्हा मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. वैद्यानं स्पष्टच सांगितलं होतं, वर्ष-दीड वर्ष उजेड-सावली कळेल, पुढं तेही नाही. मामाजींनी ते शांतपणे ऐकून घेतलं. शेत बघायला मुलगा होता, घर बघायला सासूबाई होत्या. त्यांचं मागणं एवढंच होतं, की डोळ्यांत उजेड आहे तोवर आपली जोडी एकदा पहिली आलेली बघायची.

जोडी होती झकास. एक पांढरा, एक कबरा. पण कापसाच्या तेजीत पटाच्या बैलांनाही सुटका नव्हती. दिवाळीपासून पौष सरेपर्यंत आमचे घरधनी त्याच जोडीनं कापसाची गाडी अमरावतीच्या बाजारात न्यायचे. एकामागं एक तीस-तीस गाड्या चालायच्या. पुढच्या गाडीवाल्यानं ‘होऽ’ केलं की मागच्या सगळ्यांनी ‘होऽ’ करायचं आणि सगळ्या जोड्या जागच्या जागी उभ्या. घरी परतल्यावर त्यांना चारा-पाणी माझ्याकडं. रेच्यावर, म्हणजे हातचरकावर, कापूस वटून निघालेली सरकी भिजवून मी टोपल्यात घेऊन जायची. तेवढ्या गोठ्यात मला कुणी हसत नसे, म्हणून मी बैलांशी मनसोक्त बोलायची, अर्थात जुन्नरी.

त्या माघात मामाजींनी मला जवळ बोलावलं. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती, मी दाराआड उभी राहिले.

“दाराआडून नोको. इकडं ये,” ते म्हणाले. “पोरगा जोडी हाकते. तुही सासू पटाच्या नावानं बोटं मोडते. मंग मले पट सांगन कोन? तुहे डोये चांगले हायेत. तू माह्याजवळ उभी राह्य आन जे दिसन थे सांगजो.”

लग्नानंतर त्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला बोलायला सांगितलं होतं. मी हरखले.

जत्रेत पल्ल्याच्या मध्यावर आमची रेंगी, बसायची हलकी बैलगाडी, सोडलेली होती. तिच्यात मामाजी कठडा धरून उभे, शेजारी मी. समोर शेजारगावच्या पाटलांची तांबडी जोडी होती, शिंगांना चांदी, गळ्यात चांदीचे घुंगरू. ती वाजत गाजत यायची आणि जिंकून जायची. आमच्या छकड्यावर घरधनी बसले होते. झेंडी पडली. पहिल्या शंभर पावलांत आमची जोडी एक मान पुढं निघाली. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. जमीन हादरत होती, छकड्याची चाकं जमिनीला टेकतच नव्हती, आणि मी पदर कधी खाली गेला ते विसरून रेंगीत उड्या मारत होते.

“पुढं हाये का?” मामाजींनी माझं मनगट धरलं. “आपली पुढं हाये का?”

जोडी नेमकी आमच्यासमोर आली होती. मी जीव खाऊन ओरडले, “होऽऽ.”

दोन्ही बैलांनी पाय रोवले. रोज सरकी घालणाऱ्या बाईचा आवाज, आणि शब्द तोच, अमरावतीच्या वाटेवरचा. जोडी अशी उभी राहिली की घरधनी छकड्यावरून पुढं पांढऱ्याच्या पाठीवर जाऊन पडले. तांबडी जोडी घुंगरू वाजवत झेंडीपार झाली.

पटावर ‘हो’ म्हणू नये, हे वऱ्हाडातल्या पाळण्यातल्या पोरालाही कळतं. कळायची गरजच नसते, कारण वऱ्हाडी माणूस ‘हाव’ म्हणतो आणि ‘हो’ फक्त बैलासाठी ठेवतो. जत्रेत एकच माणूस ही चूक करू शकत होतं, ते आमच्या रेंगीत उभं होतं.

घरधनी धुळीनं माखून आले. “कोनं ‘हो’ म्हटलं?” त्यांनी विचारलं. आजूबाजूच्या वीस-पंचवीस माणसांनी माझ्याकडं बोट दाखवलं. पाटील मोठ्या मनाचे, त्यांनी जाताजाता निरोप ठेवला, “पुढच्या साली सूनबाईले आठवनीनं आनजा.”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मामाजींच्या डोळ्यांतलं एक वर्ष मी एका शब्दात उधळलं होतं, आणि पुढचं मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती. मी ओसरीच्या कडेला बसून रडत होते. मामाजी चाचपडत आले आणि जवळ बसले.

“चूक माही हाये, पोरी. विचारलं मीनं,” ते म्हणाले. “पन तुह्या जिभेले वयन लावाच लागन. आजपासून जितक्या डाव ‘हो’ म्हनशीन, तितक्या मुठी सरकी बैलाहिले घालाची. दंड.”

रागावले असते तर मी सोसलं असतं. हे मला जास्त लागलं. मी मनाशी ठरवलं, आता जीभ चावून तुकडा पडला तरी बेहत्तर, ‘हाव’ म्हणायचं.

ठरवणं सोपं. मामाजींनी मग चाळाच लावला. जेवायला बसले की विचारायचे, “भाकर भाजली का?” मी म्हणायची, “हो.” ते नुसती मूठ वर करून दाखवायचे. “पानी आनलं का?” “हो.” पुन्हा मूठ. पहिल्या महिन्यात मी इतक्या वेळा गोठ्यात गेले की सासूबाई म्हणाल्या, “सुनेची जीभ राहू द्या, बैलं मातर सुधरून राहिले.” आणि खरंच, दोन्ही बैल असे भरले की त्यांची पाठ उन्हात चमकायची. दंड कमी होऊ लागला तरी बैलांची सवय सुटेना. मी नुसती “या रे राजांनो” अशी हाक मारली की दोघं दावं ताणायचे.

एके दिवशी तिन्हीसांजेला गडी जोडीला नदीवरून पाणी पाजून आणत होता. मी दारात टोपलं घेऊन उभी होते, सहज हाक मारली. जोडी गड्याच्या हातातून कासरा हिसकून सुटली आणि सगळी पांदण तुडवत माझ्यापुढं येऊन थांबली. ओसरीवर मामाजींनी खुरांचा आवाज ऐकला. त्या आवाजावरून त्यांना बैलांच्या चालीचं सगळं कळायचं.

“कोनं बलावलं त्याहिले?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. ते बराच वेळ हसत राहिले. “मंग आपल्याले पाटलावानी चांदी कायले पाह्यजे,” ते म्हणाले.

पुढच्या माघापर्यंत त्यांच्या डोळ्यांत फारसं काही उरलं नव्हतं. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, पांढरी वस्तू असेल तर तेवढी कळायची. म्हणून त्यांनी पंचांना विनवून आमची पाळी दुपारची लावून घेतली. या खेपेला रेंगी मध्यावर सोडली नाही. मामाजी आणि मी पल्ल्याच्या टोकाला, झेंडीच्या पलीकडं उभे राहिलो. माझ्या कडेवर भिजवलेल्या सरकीचं टोपलं.

पाटलांनी ते बघितलं आणि पंचांकडं तक्रार केली. पंच म्हातारे होते. त्यांनी टोपल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “सुनेनं बैलाहिले बलावू नाही, असं पटात कोठीच ठरलं नाही. तुमीबी बलवा तुमच्या सुनेले.” पाटलांची सून चांदीच्या तोड्यांनी जड होऊन पालात बसली होती. तिनं बैलांना कधी पेंडीची काडी घातली नसावी.

झेंडी पडली. तेवढ्या अंतरावरून मला नुसती धूळ दिसत होती. मग धुळीतून तांबडं दिसलं. तांबडी जोडी पुढं होती. मामाजींनी काही विचारलं नाही. विचारायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. नुसतं माझं मनगट धरून ठेवलं होतं.

मी टोपलं वर धरलं आणि सगळी लाजलज्जा सोडून हाक मारली, “या रे राजांनो, याऽऽ.”

पांढऱ्यानं कान टवकारलेले मला इतक्या लांबून दिसले म्हणाल तर दिसले नाहीत. पण जोडी अंग लांबवून सुसाट सुटली. तांबडीच्या चाकाशी आली, खांद्याशी आली. मी हाका मारत होते, घसा फाटत होता, आणि घरधनी आसूड न उगारता नुसते कासरे सैल सोडून बसले होते. तेव्हा मामाजी हळूच म्हणाले, “पांढरं दिसून राहिलं मले.”

मी बघितलं. त्यांचे डोळे सताड उघडे होते, उन्हाकडं.

“मोठं होऊन राहिलं. पांढरंच हाये, तांबडं नाही कोठी. थे आपलं हाये का?”

‘हो’ माझ्या अगदी ओठांवर आलं. जोडी झेंडीपासून वीस पावलांवर होती. मी जीभ दातांत धरली, रक्ताची चव लागली, आणि म्हणाले, “हाव, मामाजी. हाव.”

आमची जोडी एका खांद्यानं झेंडीपार झाली आणि थेट टोपल्यात तोंड घालून उभी राहिली. मामाजींनी पांढऱ्याच्या गळ्याला मिठी मारली. त्यांच्या डोक्यावर पागोटं कुणी बांधलं, ढोल कधी वाजू लागले, मला आठवत नाही. बैलाच्या श्वासाबरोबर त्यांचा हात वरखाली होत होता, ते आठवतं. मी इतकी सुखात होते की पाटलांनाही नमस्कार करून आले.

परतीच्या वाटेवर आमची रेंगी सगळ्यांच्या पुढं, मागं गावातल्या पंधरा-वीस गाड्या. घरधनी जोडी हाकत होते. मामाजी पागोटं घातलेलं डोकं ताठ ठेवून माझ्यासमोर बसले होते.

“पहिली आली ना आपली जोडी?” त्यांनी विचारलं.

“हाव,” मी म्हणाले.

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, “पहिली ना?”

“हाव, मामाजी.”

ऊन कलत होतं. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, मागच्या गाड्यांतून बाया गात होत्या. मामाजींनी पागोट्याला हात लावून बघितला आणि तिसऱ्यांदा विचारलं, “सूनबाई, खरंच ना? मले दिसलं थे आपलंच होतं ना?”

माझे डोळे भरून आले. वर्षभराची शिकवणी कुठल्या कुठं गेली, आणि आईच्या घरचा शब्द तोंडातून निघाला, “हो.”

जोडी जागच्या जागी थांबली. मागची गाडी थांबली, तिच्यामागची थांबली, आणि अमरावतीच्या वाटेवर थांबतात तशा सगळ्या गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी ओरडून विचारलं, “काहून थांबली बा?” घरधन्यांनी वळून माझ्याकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. मग बैलांना हाकायला कासरा उचलला.

मामाजींनी त्यांचा हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “थांबू दे जराक. आज घरी जायाची कोनाले घाई हाये?”