मिस्त्रीवरचा कडक बहिष्कार

इंजिनाला हात लावण्याआधी मिस्त्री डोक्यावरची टोपी काढायचा, तेलकट हात फडक्याला पुसायचा आणि डोळे मिटायचा. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा एकटाच ख्रिस्ती माणूस, आणि त्याची ती अर्ध्या मिनिटाची प्रार्थना म्हणजे आम्हा बोटमालकांची फुकट करमणूक.

"काय ओ मिस्त्री, तुमचा देव डिझेल पण घालतो काय?" कोणीतरी ओरडायचं.

"बरं झालं विचारलंत," तो म्हणायचा. "डिझेल तुम्हीच घालायचं. मी फक्त माझे हात नीट चालू देत म्हणून मागतो."

आणि कामाला लागायचा. त्याला चिडवण्यात मजा नव्हती, कारण माणूस चिडतच नसे. तरी आम्ही वर्षानुवर्षं नेटाने प्रयत्न केला.

मग एका हंगामात मासळी कमी आली. मासळी का कमी होते यावर बोलणारे विद्वान धक्क्यावर भरपूर आहेत. त्या साली सगळ्यांचं एकमत झालं: मिस्त्री नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देत नाही, म्हणून. बारीक जाळ्यांनी पिल्लंसुद्धा आम्हीच उचलून आणली होती, पण तुम्हाला माहीतच आहे, असलं बैठकीत बोलायचं नसतं.

बोटमालक संघाच्या त्या बैठकीत आमच्या अध्यक्षांनी त्याला उभं केलं. "यंदा समुद्राला नारळ द्यायचा. नायतर आमच्या बोटींवर चढायचं नाय."

"साहेब, पूजेला बोटी धुऊन देईन, पताका लावीन, मान राखून बाजूला उभा राहीन. पण हात जोडीन ते येशूलाच. तुमच्या भीतीनं नारळ दिला तर तो खोटा होईल. खोटा नारळ तुमच्या समुद्राला तरी कशाला?"

खोट्या नारळाचा मुद्दा बाजूला ठेवून आम्ही एकमताने बहिष्कार घातला.

बहिष्कार इतका कडक होता की मिस्त्रीला जेवायला वेळ मिळेना. दुपारी धक्का सामसूम झाला की एकेक मालक त्याला गुपचूप बोलावून घेई, आणि प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच हुशार. अध्यक्षांनी तर त्याला ताडपत्रीखाली लपवून स्वतःच्या बोटीवर नेलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, कारण मी तिथे त्यालाच शोधायला गेलो होतो.

"कोणाचं काम केलं ते बोलणार नाय," तो मला म्हणाला. "पण काम केलंच नाय, असंही म्हणणार नाय."

शेवटी बोभाटा झालाच. पुन्हा बैठक. सगळ्यांत मोठ्याने अध्यक्षच ओरडले, "कोण बोलावतं तुला? नावं सांग, तुझं काम चालू राहील. नायतर धक्का सोड."

मिस्त्री अध्यक्षांचं नाव घेणार नाही याची त्यांना खात्री होती. म्हणजे त्याच्या श्रद्धेवर आमच्यात सर्वांत जास्त विश्वास त्यांचाच.

मिस्त्रीने आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. मग म्हणाला, "मी नाय सांगणार. ज्याचं त्यानं सांगावं."

सगळी सभा जमिनीकडे बघत होती. मीही माझ्या चपलेचा अंगठा तपासत होतो.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारांची पेटी घेऊन मंडणगडला बहिणीकडे निघून गेला. एसटीपर्यंत पोचवायला आमच्यातला एकही गेला नाही. तिकडे डोंगरात तो भातगिरण्या आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो म्हणे. इकडे मासळी तशीच कमी आहे. आता दोष कोणाला द्यायचा हे अजून ठरायचं आहे.

गेल्या महिन्यात माझं इंजिन बंद पडलं. दोघा मिस्त्रींनी हात टेकले, तेव्हा लाज सोडून त्याला फोन लावला. त्याने मागचं काही न काढता अर्धा तास एकेक गोष्ट समजावून सांगितली आणि इंजिन सुरू झालं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी आमची नावं घेतली असती तर तुमचं काम राहिलं असतं की."

"राहिलं असतं," तो म्हणाला. "पण मला वाटलं, निदान तुम्ही तरी उठाल."