सासऱ्यांचं नाक

अख्ख्या डोणगावात माझ्या सासऱ्यांच्या नाकाइतकं संशयी नाक दुसरं नाही. कॉलेजात त्यांनी जीवशास्त्र शिकवलं, पण जन्मभर पाठ घेतला तो एकाच एंझाइमचा, जी-सिक्स-पीडीचा. मुलगी बघायला गेलो तर पोहे राहिले बाजूला, यांनी तोच विषय काढला. "हे एंझाइम साखरेतला हायड्रोजन काढून पेशीले देते. त्याच्यावरच लाल पेशी ऑक्सिजनच्या माऱ्यातून वाचते. माह्या रक्तात ते कमी हाय. पोरीच्या पोरात उतरू शकते. पसंती मंग सांगा!" डांबराच्या गोळ्या तर यांच्या हाडवैरी, कारण असल्या रक्ताला, त्यातून तान्ह्या बाळाला, त्यांचा वास म्हणजे विषच. लग्नात माझा कोट हुंगून म्हणाले, "जावाईबापू, कोट काढा." अहो, नवरदेव मी! मंगलाष्टकं संपेपर्यंत नुसत्या शर्टावर उभा होतो.

आमचा मुलगा झाला आणि तपासणीत तो आजोबांवरच गेल्याचं कळलं. बारसं सासऱ्यांच्या घरी झालं. सासूबाई आदल्या वर्षीच गेल्या होत्या. होणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी आपल्या लुगड्यांची गोधडी शिवून ट्रंकेत ठेवली होती. ती ट्रंक सासऱ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. रडून रडून नाक चोंदलेलं, तशीच गोधडी काढली आणि बाळाला गुंडाळलं.

दोन दिवसांत बाळ पिवळं पडलं, दूध ओढेना, लघवी काळ्या चहासारखी. गाडी बुलढाण्याकडे पिटाळली. मेहकर गेलं, चिखली गेली, बायकोच्या मांडीवर लेकरू हूं की चूं करेना. मागे सासऱ्यांचं एकच चाललेलं, "काऊन झालं असं? आपल्या घरात गोळी येतच नाही!"

बायकोने गोधडी नाकाशी नेली. "बाबा, डांबराचा वास हाय हा. आईनं तुमच्या चोरून गोळ्या टाकल्या असतीन ट्रंकेत."

सासऱ्यांनी गाडी थांबवायला लावली, गोधडी डिकीत कोंबली, सगळ्या काचा खाली केल्या. "मीच गुंडाळलं त्याले," एवढंच बोलले. दवाखान्यात डॉक्टरांनाही पहिलं वाक्य तेच सांगितलं. बाळाला रक्त चढलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. काचेबाहेर हा माणूस उभाच, आणि समोरून जाणाऱ्या एकाही नर्सला एंझाइमचा पाठ दिला नाही. तेव्हा मात्र मी खरा घाबरलो. बाळाने पुन्हा दूध ओढलं, तेव्हा आम्ही सासरे-जावई गळ्यात पडून रडलो.

आता पोरगा अंगणभर हुंदडतो. गोधडी फेकून द्या म्हटलं, तर ऐकतील तर शपथ! उकळत्या पाण्यात धुऊन, दर रविवारी गच्चीवर उन्हात टाकतात आणि मला हुंगायला लावतात. गेल्या रविवारी मी म्हणालो, "गेला वास, पार गेला."

त्यांनी गोधडीत स्वतःच तोंड खुपसलं. बराच वेळ मान वर काढली नाही. मग हळूच म्हणाले, "हाव. तिचाबी गेला."