सगळ्या वाडीचं एकच मूत्राशय

सांगलीला पीएचडीसाठी नाव नोंदवलं तेव्हा माझा विषय होता मुतखडा. वडूजकडच्या आमच्या कोरडवाहू पट्ट्यात विहिरींचं पाणी मचूळ, आणि मुतखड्याने कळवळणारा माणूस घरोघरी. माझ्या मार्गदर्शक सरांना विषय फार आवडला, कारण नमुने गोळा करायला त्यांना जावं लागणार नव्हतं. मला जावं लागणार होतं. आणि नमुना म्हणजे लघवी. नव्वदच्या दशकात, लग्नाच्या वयाच्या मुलीने पारावर उभं राहून गावच्या बाप्यांना हे कसं सांगायचं, ते कुठल्याही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

तरी मी सांगितलं. "सकाळची पहिली, ज्याची त्याने, या बाटलीत," एवढं एका दमात बोलले, नंबर लावलेल्या छोट्या बाटल्या वाटल्या आणि घराकडे पळाले. आबा, म्हणजे माझे वडील, तेवढा वेळ टॉवेलने तोंडच पुसत बसले होते.

आमच्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळे लघवीची तपासणी कशाला म्हणतात हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भरतीच्या मेडिकलला होते ती. तिच्यात एक तर पास व्हायचं, नाहीतर अनफिटचा शिक्का घेऊन मान खाली घालून घरी यायचं. तिसरं काही असू शकतं, असं कुणाच्या डोक्यातही येत नसे.

सकाळी बघते तर पारावर सगळ्या बाटल्या एका ओळीत उभ्या, गळ्यापर्यंत सारख्या भरलेल्या. शेजारी माझे धाकटे चुलते, तात्या. फौजेतून हवालदार होऊन आलेले, सकाळी पळायला जाणारे, आणि पळून आल्यावर बिडी ओढणारे.

"मोजून घे," ते म्हणाले. "एक बी कमी न्हाई."

मला अगदी भरून आलं. गाव असावं तर असं! थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून बाटल्या भरल्या, खोकं मांडीवर घेतलं आणि एसटीत बसले. कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्यात? कुल्फी?" मी हो म्हणाले. तो गोडीगुलाबीने बोलत बराच वेळ खोक्याजवळ घोटाळला.

सांगलीत मात्र माझी वरात निघाली. कॅल्शियम काढलं, सगळ्या बाटल्यांत सारखं. युरिक ॲसिड काढलं, तेही सारखं. सर आधी यंत्रावर चिडले, मग माझ्यावर. सूक्ष्मदर्शकाखाली खड्याचे स्फटिक दिसायला हवे होते, त्यांचा पत्ता नाही. दिसल्या त्या रक्तपेशी, आणि त्यांच्यात विचित्र, मोठाल्या केंद्रकांच्या पेशींचे पुंजके. प्रत्येक बाटलीत तेच.

नमुन्यांच्या त्या काचा घेऊन मी ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी एक पाहिली, दुसरी पाहिली, तिसरीला चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या सगळ्या वाडीला मिळून एकच मूत्राशय आहे का गं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"या पेशी बऱ्या नाहीत. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये दिसतात तशा आहेत. माणूस एकच आहे हा. आधी तो शोध, थिसिस नंतर."

मी परतीची एसटी पकडली. पारावर जाऊन विचारलं, "बाटल्यांत कुणाची होती?" सगळे बापे वर झाडाकडे बघायला लागले, जसं काही मी पिंपळाचीच चौकशी करत होते. शेवटी आबांनी घसा खाकरला.

"आगं, आमची दारू, तंबाखू, मुतखडं... त्यात तू नापास झाली आस्तीस तर? तात्याची मिलिटरीनं पास केल्याली. त्यानं तांब्याभर दिली, ती डेअरीत दूध मापल्यागत सगळ्यांनी वाटून घेतली. पोरगीचा डाक्टर व्हायचा सवाल हाय म्हणलं."

तात्या मांडीवर थाप मारून विचारत होते, "काय, आली का फस्ट?"

"तात्या, कधी लाल झालीय का?"

"उन्हाळी हाय गं ती. सब्जा घेतोय की."

"कधीपासनं?"

त्यांनी पारावरच्या बाप्यांकडे पाठ केली. मग हळूच म्हणाले, "दिवाळीपासनं. कुणाला सांगू नगंस."

वाडीने माझ्यासाठी सामुदायिक कॉपी केली नसती, तर तात्यांनी ते कुणालाही कळू दिलं नसतं. सांगलीतच ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, मूत्राशयातून खरवडून काढली. ती दुर्बीण कुठल्या वाटेने आत घालतात हे कळल्यावर तात्यांनी डॉक्टरांना जे ऐकवलं, ते फौजेतलंच होतं. बिडी त्याच दिवशी सुटली. मुतखडा मीही सोडला. बिडी ओढणाऱ्याच्या मूत्राशयात काय होतं, हाच प्रश्न मला आता झोपू देत नव्हता. सरांनी कुरकुर केली, पण विषय बदलून दिला.

हा आजार परत येतो, म्हणून तात्यांना ठरल्या वेळी तपासणीला यावं लागे. पहिल्या तपासणीला आबाही आले. तात्या नमुना देऊन चहाला गेले, तसे आबा माझ्या प्रयोगशाळेत शिरले, दार लोटलं आणि टॉवेलात गुंडाळलेली बाटली टेबलावर ठेवली.

"ही माजी. सकाळची, पहिली. हिच्यावर तात्याचा नंबर घाल."

"आबा, असं चालत नाही."

"चालतंय गं. एवढ्या खेपंला घाल. त्याला पास कर." त्यांचा हात बाटलीवरून निघेना.

मला रडू आवरेना. तात्यांचा नमुना तयार करून मी काच बाईंकडे नेली. आबा मागोमाग दारापर्यंत आले आणि तिथेच उभे राहिले. बाईंनी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग मला पाहायला लावली. तसला पुंजका कुठेच नव्हता. मी पुन्हा एकदा सगळी पाहिली, आणि आबांकडे वळले.

"तात्या पास, आबा. स्वतःच्याच बाटलीवर."